वाशिमचे नागसोयरे

घरात साप पाळावा असे वाटण्यामागे सापाविषयीची माया किती आणि पाहुण्यांना दचकवण्याची हौस किती, याचे प्रमाण प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत एक आणा आणि पंधरा आणे असे होते. या हौसेला पहिला अडसर कायद्याचा. धुऱ्यावरची धामण असो वा भुसभुशीत मातीतले मांडूळ, भारतीय साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मनाई आहे. परदेशी सापांपैकी आफ्रिकेतला बॉल पायथन, म्हणजे भ्याला की डोके आत घेऊन चेंडू होणारा अजगर, २०२४ च्या नियमांप्रमाणे रीतसर नोंदणी करून बाळगता येतो. इतरांना भिववण्यासाठी इतका भित्रा प्राणी आणावा, यातली विसंगती लेखकाच्या उशिराच ध्यानी आली.

दरम्यान त्याने इतिहासाचा आधार शोधला होता. वाशिम हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे, म्हणजे वत्सगुल्माचे, आजचे नाव. आणि पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र गौतमीपुत्र हा भारशिव नागवंशातील भवनाग राजाचा जावई. यावरून वाशिमकर नागांचे सोयरे ठरतात, असा सिद्धान्त मांडून लेखक काही दिवस फार सुखात होता. परंतु वत्सगुल्माची शाखा गौतमीपुत्राची नव्हे, त्याचा भाऊ सर्वसेन याची. म्हणजे नागकन्या वाशिमची सून नसून केवळ भावजय निघाली. शिवाय भवनाग हा माणूस होता, ही बाबही सिद्धान्ताला थोडी अडचणीची ठरली.

साप ‘थंड रक्ताचा’ म्हणतात तो अशा अर्थाने, की देहाची ऊब त्याला परिसरातूनच घ्यावी लागते; म्हणून पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश सेल्सिअस व दुसरी सुमारे २६ अंश राखून निवड त्याच्यावर सोपवतात. थंड देशांतल्या पुस्तकांत ऊब देणाऱ्या दिव्यांची वर्णने पानोपानी सापडतात; मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या वाशिमात ती गार बाजू कोठून आणावी, याविषयी ती मौन पाळतात. त्यात हा जीव २० ते ३० वर्षे जगतो, म्हणजे गृहकर्ज फिटले तरी साप शिल्लक. आणि गोठवलेला उंदीर कोथिंबिरीशेजारी ठेवण्याचा प्रस्ताव स्वयंपाकघराने चर्चेविनाच फेटाळला.

गंमत संपली ती कातीच्या प्रकरणापाशी. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक कवच असते. कात टाकण्यापूर्वी ते निळसर, दुधाळ होते आणि जवळजवळ आंधळा झालेला साप कोपऱ्यात दडून राहतो. हवा कोरडी असेल तर कात निघते, पण कवच कधी कधी डोळ्यावरच चिकटून राहते. अशा जिवाला दिवाणखान्याची शोभा करणे, तहानलेल्या नागापुढे पंचमीला दुधाची वाटी सरकवणे आणि छायाचित्रासाठी धामणीची शेपटी धरून उभे राहणे, या तिन्हींत सापाला काय हवे हे कोणी विचारलेले नसते. सोयाबीन सोंगताना दिसलेली धामण तर, उंदीर खाऊन शेत राखीत असूनही, नाग समजून काठीखाली जाते. तिला पेटी, दिवा, नोंदणी यांपैकी काहीच लागत नाही. धुऱ्यावरची बिळे आणि दगडांचा ढीग मोडला नाही, की पालनपोषण पूर्ण होते.

लेखकाने पेटी मागवली नाही. पाहुण्यांसाठी त्याच्यापाशी नागसोयऱ्यांचा सिद्धान्त मात्र शिल्लक आहे. तो ऐकून कोणी दचकत नाही, पण उठतात लवकर.