आमचे न हललेले सर

३१ मे हा महाराष्ट्राचा सार्वत्रिक निवृत्तिदिन आहे. शाळा जूनमध्ये उघडायच्या, पोराचं नाव घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना वेळ नसायचा. त्यामुळे जवळजवळ एक अख्खी पिढी १ जूनला जन्माला आली. पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. आमच्या अर्थशास्त्र विभागातले सर यंदा याच घाऊक लाटेत गेले. त्यांच्या आईच्या सांगण्यानुसार ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे. म्हणजे तीन-चार महिन्यांचा पगार गुरुजींनी पहिलीतच कापून घेतला होता. केंद्रीय विद्यापीठातला प्राध्यापक पासष्टीपर्यंत शिकवतो, आमच्याकडचा साठीलाच संपतो. राज्याच्या हवेत माणूस लवकर पिकतो, असं सरकारचं मत असावं.

गौरवपर बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. सर्वांत जास्त वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो, एवढीच माझी पात्रता. भाषणासाठी परिचयपत्र मागवलं तर अर्धं पान आलं, त्यातही पत्ता मोठा होता. परदेशवारी नाही, पुरस्कार नाही. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी स्वतःच स्वतःची थोरवी लिहून प्रस्ताव पाठवावा लागतो. आम्ही कोरा नमुना त्यांच्यापुढे ठेवला होता. तो परत देत ते म्हणाले, “माझ्याबद्दल मला एवढी माहिती नाही हो.”

२०१० साली प्राध्यापकांचं काम गुणांत मोजणारा एपीआय आला. आपण किती विद्वान आहोत हे प्राध्यापकांना प्रथमच आकड्यात कळू लागलं. आंतरराष्ट्रीय चर्चासत्राला गुण जास्त, म्हणून नेपाळहून एक पाहुणा आणायचा आणि त्याला दोन दिवस नीट सांभाळायचं, अशी रीत पडली. पैसे भरून निबंध छापणारी नियतकालिकं तर पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. मग त्यांना आवर घालायला २०१८ साली मान्य नियतकालिकांच्या केअर यादीची घोषणा झाली. यादीत बसण्यासाठी आम्ही धावलो, यादीतल्या नियतकालिकांच्या नावाने निघालेल्या बनावट संकेतस्थळांवर पैसेही घालवून आलो. २०२५ साली यादीच गुंडाळली. तोवर सर जागचे हलले नव्हते. “अरे, होती का अशी यादी?” त्यांनी विचारलं. वार्षिक परीक्षा गेली, सत्र पद्धत आली, श्रेयांक आले. ज्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही उजळणी वर्ग केले, त्याचं नाव आता मालवीय मिशनपर्यंत पोहोचलंय. चहा तोच आहे. सर प्रत्येक बदलाच्या वेळी खडू घेऊन वर्गात होते. आमच्या दृष्टीने ही सरळसरळ कामचुकारी होती, कारण अहवाल लिहायला माणूस लागतोच की.

त्यांचा दुसरा दुर्गुण याहून घातक. ते प्रबंध वाचत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत! पीएच.डी.च्या खुल्या मौखिक परीक्षेचा दिवस कसा असतो, हे आतल्यांना सांगायला नको. उमेदवाराचे आईवडील आलेले, बाहेरचे परीक्षक गाडीच्या वेळेवर डोळा ठेवून बसलेले, जेवणाचा वास सभागृहात शिरलेला. विषय होता सांगोल्याच्या डाळिंब उत्पादकांचा. सर शांतपणे म्हणाले, “चौथ्या प्रकरणात तुमचा डाळिंबवाला केळीचा घड घेऊन रावेरच्या बाजारात जातोय. एवढ्या लांब कशाला जातो बिचारा?” मार्गदर्शकांनी चष्मा पुसायला घेतला. जळगावच्या कुठल्या तरी प्रबंधातून तो शेतकरी उचललेला, वाटेत पीक बदलायचं राहून गेलं होतं. पोराने चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. त्यासाठी तो खरोखर सांगोल्याला जाऊन राहिला. पुढे त्याचं तेवढंच प्रकरण लोक वाचायला मागत. पण जेवण त्या दिवशी थंड झालं, ते परीक्षक पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

मूल्यांकनासाठी नॅकचं पथक यायच्या आठवड्यात तर त्यांना रजा घ्यायला लावणंच बरं, असं विभागाचं मत झालं होतं. भिंती रंगल्या होत्या, कुंड्या भाड्याने आल्या होत्या आणि आम्ही चौघं बसून पालक-शिक्षक सभांची पाच वर्षांची इतिवृत्तं एका दुपारी लिहीत होतो. सर मागून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “प्रत्येक वर्षाला वेगळं पेन तरी घ्या.” आम्ही घेतली. श्रेणी चांगली मिळाली. त्या यशात सरांचा वाटा कुठेच नोंदलेला नाही, म्हणून इथे नोंदवतो.

आता त्यांच्या जागेचं. जागा भरली जाणार नाही, हे शिपायालाही माहीत आहे. सरांचे तास तासिका तत्त्वावरचे तिघं मिळून घेतील. त्यातला एक तो डाळिंबाच्या प्रबंधवालाच. त्याचं मानधन कधी निघेल, हे विचारू नये असा संकेत आहे. तो मात्र प्रबंध वाचायला लागलाय, असं ऐकतो. त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, कुलगुरूंचा शुभसंदेश वाचला गेला. त्यात विषय चुकून भूगोल पडला होता. सरांनी तोही शेवटपर्यंत वाचला आणि पेन्सिलने दुरुस्त करून दिला.

विभागात चालू पंखा एकच. त्याखालची खुर्ची ज्येष्ठतेनुसार माझ्याकडे येते. तसा अर्ज मी विभागप्रमुखांना १५ मे रोजीच दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे.