हिमालय ओलांडून उजनीला

विश्रांती हवी झाली की पुणेकराने डोंगर गाठायचा, ही आपली रीत. महाबळेश्वर, माथेरान, अगदीच नाही जमलं तर ताम्हिणी. आमच्या घरात ही रीत मोडते, कारण बायकोचं माहेर करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. तिथे डोंगर नाही. ऊस, केळी, पुन्हा ऊस, आणि तो संपला की एकदम पाणी. गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी. थंड हवेचं ठिकाण म्हणावं, तर जानेवारीतली पहाट तेवढी थंड.

डोंगर नसल्याची खंत मी मेव्हण्याजवळ बोलून दाखवली. तो काही न बोलता मला काठावर घेऊन गेला. चिखलात राखाडी रंगाची, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली पाखरं चरत होती. पट्टकदंब. ही मंडळी मध्य आशियातून हिमालयावरून उडत येतात आणि हिवाळा आपल्याकडे काढतात. मेव्हणा म्हणाला, "एवढा हिमालय बघून ह्यांला उजनी चालती, दाजी. मग तुमचंच काय अडलंय?" पलीकडे रोहितांचा थवा चोची चिखलात खुपसून उभा होता. हेच रोहित बघायला पुण्या-मुंबईची माणसं भिगवण-कुंभारगावला नावेचे पैसे मोजतात. आमच्या बाजूने ते फुकट दिसतात, त्यामुळे गावात त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

गाव बघतं ते टक्के. सकाळी चहाच्या टपरीवर "आज किती?" असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न धरणाचा असतो. उजनीचा हिशेब अजब आहे. धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृत साठ्यात धरतात. टक्के मोजायचे ते वरच्या 53 टीएमसीचे. म्हणजे उजनी शून्य टक्क्यांवर असते, तेव्हाही खडकवासला साखळीतली आमची चारही धरणं काठोकाठ भरल्यावर जेवढं पाणी होतं, त्याच्या दुपटीहून जास्त पाणी तिच्या पोटात असतं. त्याच्याही खाली गेलं की मोजणी वजामध्ये. 2024 च्या उन्हाळ्यात आकडा जवळजवळ वजा साठला टेकला होता. मृत म्हणून जाहीर झालेल्या पाण्यावर इतकी पिकं जगतात, की जिवंत साठ्याला लाज वाटावी.

सासऱ्यांचं टक्क्यांशी नातं निराळं. धरण 1980 साली पूर्ण झालं आणि काठची गावं उठून वर आली; केत्तूरला तर एक नंबर आणि दोन नंबर अशी दोन गावं झाली. संध्याकाळी सासरे मला पाण्याशी नेऊन पत्ता सांगतात, "तो बगळा दिसतोय का? त्याच्या डाव्या अंगाला आपला वाडा." बगळा उडाला. सासऱ्यांनी न डगमगता दुसरा बगळा धरला.

पाण्याचा रंग मला जरा हिरवट वाटला. तसं म्हणालो, तर मेव्हणा आदबीनं म्हणाला, "पुण्याचंच हाय की, दाजी. मुळा-मुठेचं." माहेरी आलेल्या बायकोने त्यावर मोठ्यांदा हसायची गरज नव्हती. घरात प्यायला आरओचा जार होता. समुद्राएवढ्या पाण्याच्या काठावर माणसं जार विकत घेतात, आणि आम्ही वरच्या अंगाला बसून नदीसुधारणेवर चर्चासत्रं भरवतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र जावयाला बोलायची सोय नसते, बोलायला तोंड रिकामं असावं लागतं. सकाळी शेतात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेलं ज्वारीचं कणीस सासूबाई उघड्या तळहातावर चोळतात आणि हिरवागार हुरडा ताटात पडतो. मी एक कणीस चोळून पाहिलं. दाणे कमी आणि फोड जास्त निघाले. हुरड्याबरोबर शेंगाची चटणी, गूळ, दही. हे नुसतं चाखणं. जेवण पुढे असतं. जेवायला चिलापीचं कालवण. चिलापी मूळची आफ्रिकेची. ती उजनीत आली, तिला पाणी मानवलं आणि तिने इथल्या कितीतरी माशांना हुसकावून संसार थाटला. पाहुण्याने किती दिवस राहावं याचा काही धरबंध तिला नाही. पण कालवणात ती सगळ्यांना चालते. कमरेएवढ्या रुंदीच्या दोन भाकरी संपवून मी हात आखडला, तर सासूबाईंनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तब्येत बरी हाय ना यांची?"

मग शांतता. ऊसतोडीचा हंगाम असल्याने दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर छाती हादरवणारी गाणी लावून कारखान्याकडे जात होते. ते थांबल्यावर मी झोपलो. रात्री दोन वाजता दारावर थाप. शेतीची थ्री फेज लाईट आठ तास असते, कधी दिवसा, कधी रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. "दाजी, येताव का? मोटार ओढायचीय, माणूस कमी पडतंय."

उजनीकाठी पाणी एका जागी थांबत नाही, त्यामुळे मोटारीलाही थांबता येत नाही. पाणी मागे सरलं की मोटार त्याच्यामागे न्यायची, पाईप जोडायचे, केबल वाढवायची. तेवढ्यानेही भागलं नाही तर धरणाच्या पोटात चारी खणायची. पावसाळ्यात उलटं. वरची धरणं सुटली, दौंडचा विसर्ग वाढला, की रातोरात पाणी चढतं आणि तीच मोटार बुडायच्या आत ओढून वर आणायची. तिघेजण खांद्याला खांदा लावून "हं... हं..." करत होते, गुडघ्यापर्यंत गाळ होता, आणि मी शिकलेला माणूस म्हणून बॅटरी धरून उभा होतो. प्रकाश कुठे पाडायचा यावरही मला सूचना मिळत होत्या. फूटव्हॉल्व्ह पाण्यात बसला, स्टार्टर दाबला, पाईप थरथरला आणि वरच्या उसात पाणी पडायचा आवाज आला. परतताना माझी डावी चप्पल गाळाने धरून ठेवली. ती मृत साठ्यात जमा आहे.

तेव्हा तुम्ही गेलात तर हुरड्याच्या दिवसांत जा. डोंगर मागू नका, जुन्या चपला घाला. पाण्याच्या रंगाबद्दल काही बोलण्याआधी आपण कुठल्या गावचे, ते आठवा. आणि रात्री दोनला हाक आली तर झोपेचं सोंग घेऊ नका. बॅटरी धरायला तिथे कुणीतरी लागतंच.