दुबार जपानी

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे, तसेच कपाशी आणि सोयाबीन पिकवून मुलांना शिकविणाऱ्या विदर्भातील इतर गावांत, अलीकडे एक नवा सामाजिक प्रवर्ग उदयास आला असून त्यास ‘दुबार जपानी’ असे संबोधता येईल. ज्याचा मुलगा पुण्यात जपानी भाषा शिकून टोकियोत संगणकाच्या नोकरीत रुजला आहे आणि जो त्या मुलाकडे दोनदा जाऊन आला आहे, असा सेवानिवृत्त गृहस्थ सामान्यतः या प्रवर्गात मोडतो. पहिला पाऊस दगा देऊन गेला की शेतकऱ्यास दुबार पेरणी करावी लागते, त्याचप्रमाणे पहिल्या प्रवासाने गावावर म्हणावी तशी छाप उगवली नाही म्हणून या गृहस्थास दुसरा प्रवास करावा लागतो.

दोन्ही खेपांमधील भेद प्रथम खरेदीत प्रकट होतो. पहिल्या खेपेस तो प्रत्येक किमतीचे मनातल्या मनात रुपये करून वस्तू जागच्या जागी ठेवतो आणि अखेरीस ‘दायसो’ या, बहुतेक वस्तू शंभर येन अधिक कर एवढ्यात देणाऱ्या दुकानातून, नातेवाइकांच्या संख्येइतके नेलकटर घेऊन परततो. दुसऱ्या खेपेस तो जाणकार झालेला असतो. परदेशी पर्यटकाने एका दुकानात एका दिवसात ५००० येनांची खरेदी केल्यास तिच्यावरील १० टक्के उपभोग-कर, म्हणजे आपल्या जीएसटीच्या जातीचा कर, वाचतो हे त्यास ठाऊक असल्यामुळे ४२०० येनांच्या गरजा भागल्यानंतर उरलेल्या ८०० येनांची गरज शोधण्यात तो अख्खी संध्याकाळ घालवितो. स्वयंपाकाच्या साहित्यासाठी प्रसिद्ध असलेल्या काप्पाबाशी या टोकियोतील रस्त्यावरून आणलेली पोलादी सुरी घरी आल्यावर केवळ पाहुण्यांसाठी वेष्टनाबाहेर येते, कारण गृहिणी कांदा विळीवरच चिरते.

आहाराच्या बाबतीतही त्याची प्रगती लक्षणीय असते. पहिल्या प्रवासात त्याने ज्वारीचे पीठ आणि ठेचा सोबत नेलेला असतो, कारण समुद्री शेवाळ व सुकविलेला मासा उकळून केलेला ‘दाशी’ नावाचा अर्क साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही असतो, हे मुलाने आधीच कळविलेले असते. दुसऱ्या प्रवासात मात्र तो काय खातो याची चौकशी घरचे लोक करीत नाहीत आणि तोही खुलासा करीत नाही. त्या देशातील एकच रीत तो उघडपणे गावी आणतो: ‘सोबा’ म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया तेथे सुर्र असा आवाज काढून खाणे सभ्य मानले जाते, या आधारावर तो कढीचा फुरका आता विद्वत्तापूर्वक मारतो.

तथापि त्याचे खरे पांडित्य साकेविषयी असते. साके हे तांदळापासून आंबवून केलेले, साधारण १५ ते १६ टक्के मद्यार्काचे पेय असून तांदळातील पिष्टाची साखर करण्यासाठी ‘कोजी’ ही बुरशी वापरतात. दाणा घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी उरविला असल्यास त्या प्रतीस ‘गिंजो’ आणि ५० टक्के किंवा त्याहून कमी उरविला असल्यास ‘दाइगिंजो’ म्हणतात, एवढे विवेचन तो एका दमात करतो. “अर्धा तांदूय घासून टाकता, वरतून बुरशी लावता, मंग भाऊ, त्यात पियाले राह्यलं काय?” असा प्रश्न श्रोत्यांतून आल्यास तो क्षमाशील स्मित करतो. साके मोजण्याचे ‘गो’ हे माप १८० मिलिलिटरचे, म्हणजे बरोबर एका क्वार्टरचे असते आणि ७२० मिलिलिटरच्या बाटलीत असे चार गो मावतात, हा व्याख्यानातील एकमेव भाग सर्वांना विनासायास समजतो. घरातून आक्षेप आल्यास, डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने पारंपरिक साके-निर्मितीची विद्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली आहे, सबब कपाटात आहे ती दारू नसून वारसा आहे, असा युक्तिवाद तो करतो.

हा वारसा गजानन महाराजांच्या तसबिरीपासून आदरयुक्त अंतरावर, काचेच्या कपाटात, न उघडता ठेवलेला असतो. साके थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी आणि साधारण वर्षभरात संपवावी, व्हिस्कीप्रमाणे ती कपाटात मुरू देण्यात अर्थ नसतो, हे त्यास माहीत असते. तरीही वऱ्हाडचा मे महिना ती कपाटातच काढते, कारण फोडलेली बाटली दाखविता येत नाही. शिवाय आपला पेला आपण भरू नये, शेजाऱ्याने भरावा, हा जपानी शिष्टाचार तो सर्वांना शिकवितो, पण शेजाऱ्यास बाटली हाती देण्याची त्याची तयारी नसते.

असा गृहस्थ निरुपद्रवी असून त्याचा दुसरा प्रवास टोकियोसाठी नव्हे, तर गावातील ओट्यासाठी झालेला असतो, हे ओळखून त्यास ऐकून घ्यावे. वाचकांपैकी कोणाच्या परिचयात तो असल्यास ‘कितीले पडली?’ असे विचारू नये; हिवाळ्यात चार पेले घेऊन जावे, प्रथम त्याचा पेला भरण्याची तयारी दाखवावी आणि उन्हाळा लागण्यापूर्वी बाटली उघडवून घ्यावी.