गाडीहेर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या वाहननिर्मितीच्या पट्ट्यात आढळणारा ‘गाडीहेर’ हा मनुष्यप्रकार समाजशास्त्राने अद्याप दुर्लक्षिलेला असला, तरी चाकणच्या कोंडीत सगळे जग वैतागलेले असताना एकट्याच प्रसन्न दिसणाऱ्या चेहऱ्यावरून तो सहज ओळखता येतो. कारण ज्या गाडीमागे तो अडकलेला असतो, तिच्या अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची नक्षी असते.

ही नक्षी, म्हणजे बाजारात येण्यापूर्वीच्या चाचणीगाडीवर चिकटवलेले विनाइलचे आवरण, गाडी अदृश्य करण्यासाठी नसते (अदृश्यच व्हायचे तर पुण्यात पांढरी स्विफ्ट पुरेशी आहे); पत्र्याचे उठाव आणि कडा कुठे सुरू होऊन कुठे संपतात, याचा डोळ्याला व कॅमेऱ्याला अंदाज येऊ नये, एवढाच तिचा हेतू असतो. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, जर्मन पाणबुड्यांना जहाजाची दिशा नेमकी कळू नये म्हणून नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर भडक, वेडेवाकडे पट्टे रंगवण्याची जी कल्पना मांडली, तिच्याशी या नक्षीचे जवळचे नाते आहे. पाणबुडीचे कप्तान त्या पट्ट्यांनी कितपत फसले याविषयी मतभेद आहेत; गाडीहेर फसत नाही याविषयी मात्र निदान त्याच्या स्वतःच्या मनात मतभेद नाहीत.

आवरणाखाली फोमचे तुकडे कोंबून आकार बिघडवलेला असो, की मागे तात्पुरते दिवे बसवलेले असोत, पुढच्या व मागच्या चाकांमधल्या अंतरावरून, ज्याला तो आदराने ‘व्हीलबेस’ म्हणतो, तो गाडीचे कुळ सांगून मोकळा होतो. सख्खा मेव्हणा मिशी काढून आला तर हाच गृहस्थ त्याला कुरिअरवाला समजून सही कुठे करायची ते विचारतो. चहाच्या टपरीवर चाचणीचालक भेटलाच, तर गाडीहेर त्याला थेट किंमतच विचारतो. चालक गप्प राहतो आणि त्या मौनालाच अधिकृत दुजोरा मानून गाडीहेर आपण टिपलेले धूसर छायाचित्र रात्रीपर्यंत सर्वत्र पोहोचवतो.

कंपन्यांना हा उपद्रव वाटतो, ही समजूत फारशी खरी नाही. स्कोडाने 2021 मध्ये स्लाव्हिया ही गाडी अनावरणापूर्वी नक्षी चढवूनच पत्रकारांपुढे आणली होती. झाकलेल्या वस्तूचे गिऱ्हाईक उघड्या वस्तूपेक्षा आधी जमते, हे विक्री विभागाला चांगले कळते.

अनावरणानंतर मात्र गाडीहेराचा रस संपतो, कारण आता ती गाडी कोणालाही दिसते. तो शोरूममध्ये एकदा जातो, दिव्यांची रचना आपण वर्षभर आधीच सांगितली होती हे विक्रेत्याला ऐकवतो आणि गाडी विकत घेत नाही.