एकेरीतला बदली कामगार

बॅडमिंटनच्या एकेरी खेळाडूकडे गिरणगावातली काळाचौकी उगाचच पाहुण्यासारखं पाहते. कबड्डी आपली, दहीहंडी आपली, महागणपती तर आपलाच; आणि हा पांढऱ्या बुटांतला, विमानानं फिरणारा, थंडगार हॉलमध्ये जाऊन घाम गाळणारा इसम म्हणजे मलबार हिलचं, फार तर शिवाजी पार्काचं प्रकरण, असा आपला समज. मला हा समज साफ चुकीचा वाटतो. ज्या वस्तीनं गिरणीचा बदली कामगार पाहिलाय, तिनं या माणसाला लांबूनच ओळखायला हवं. हातात डब्याऐवजी रॅकेट आहे आणि फाटकाऐवजी विमानतळ आहे, एवढाच काय तो फरक.

बदलीवाल्याचा धंदा कसा चालायचा, ते आठवा. भोंग्याच्या आधी पास घेऊन फाटकावर हजर व्हायचं. कायम कामगारांपैकी कोणी आजारी पडला, कोणी भात लावायला कोकणात गेला, की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, याची वर्णी. सगळे हजर असले, तर घरून आणलेला डबा घरी जाऊनच खायचा. आता जागतिक टूरवरच्या मोठ्या स्पर्धेचं बघा. मुख्य फेरीत जागा 32. प्रवेश क्रमवारीप्रमाणे, उरलेले राखीव यादीत. वर कोणाचा घोटा मुरगळला, की खालच्याला बोलावणं. दुसऱ्याचा घोटा मुरगळावा अशी इच्छा सभ्य माणूस धरत नाही. पण मुरगळलाच, तर आपला व्हिसा तयार असलेला बरा, इतपत दूरदृष्टी त्याला ठेवावी लागते. क्रमवारी तरी कशी? गेल्या 52 आठवड्यांतल्या उत्तम 10 स्पर्धांचे गुण धरतात; वर्ष उलटलं की जुने गुण गळून जातात. गिरणीत कायम कामगाराचा फंड निदान साठत तरी जायचा. इथे मागच्या मार्चमध्ये मारलेला स्मॅश या मार्चमध्ये कोणी विचारत नाही.

बरं, वर पोचलं की सुख आहे म्हणावं, तर तिथे खाडा आहे. एकेरीतल्या पहिल्या 15 जणांना ठरावीक मोठ्या स्पर्धा सक्तीच्या असतात, आणि कारणाशिवाय दांडी मारली तर दंड 5 हजार डॉलर. गिरणीत खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार जायचा. वरून आपल्याच खिशातून काढून द्यायची कल्पना मुकादमालाही सुचली नव्हती. पगारपत्रकही पाहण्यासारखं आहे. 2025 च्या ऑल इंग्लंडची एकूण बक्षीस-रक्कम साडेचौदा लाख डॉलर. त्यातले एकेरीच्या विजेत्याला 7 टक्के, म्हणजे 1,01,500. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला टक्क्याचा दहावा भाग, 1,450. आणि ही झाली दुनियेतल्या पहिल्या बत्तिसांची गोष्ट. टूरच्या छोट्या स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरलेला माणूस तिकीट-हॉटेलची बिलं घेऊन घरी येतो.

याला पहिला आक्षेप ठरलेला आहे: गिरणीत माणूस पोटासाठी जायचा, हा हौसेनं जातो, दोघांना एका पंगतीत कसं बसवता? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या बाजूचा पुरावाही मीच देतो. एकेरीचं कोर्ट 17 फूट रुंद, 44 फूट लांब. म्हणजे एकट्या खेळाडूच्या वाट्याला 374 चौरस फूट येतात. गिरण्या गेल्यावर म्हाडानं सोडतीत कामगारांना दिलेलं घर 225 चौरस फुटांचं. एवढ्या जागेत चौघांचा संसार मावतो, आणि त्याच्या दीडपटीहून मोठ्या जागेत एक माणूस तासभर धावूनही शटलपर्यंत पोचत नाही, हे काळाचौकीला पटायला जड जाणारच. पण जागा मोठी म्हणून नोकरी कायम होत नाही. साचेखातंही काही लहान नव्हतं.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. नंदू नाटेकरांना बदलीवाला म्हणण्याची तुमची छाती आहे का? नाही. सांगलीचा हा मुलगा 1951-52 च्या सुमारास ज्युनियर टेनिसच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरला, बॅडमिंटनकडे वळला आणि दोनेक वर्षांत राष्ट्रीय विजेता झाला. 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशातलं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला. थॉमस कपात एकेरीचे 16 सामने खेळला, त्यांतले 12 जिंकला. पण त्या काळी खेळाला पगारच नव्हता, आणि पगार नसलेल्याला बदली तरी कसं म्हणणार? हा खेळ तेव्हा शौक होता, नियमांचा शौक धरून. पहिले नियम 1870 च्या दशकात पुण्यात लिहिले गेले, हे कळल्यावर शटलला पिसं बरोबर 16 आणि वजन 4.74 ते 5.50 ग्रॅमच का लागतं, याचं आश्चर्य वाटेनासं होतं.

पगार आला आणि बदलीपण आलं. त्यात चमत्कारही घडतात. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये नागपूरच्या मालविका बनसोडनं साईना नेहवालला सरळ दोन गेममध्ये हरवलं. त्या दिवशी बदलीवालीनं कायमवालीचा साचा तिच्यापेक्षा वेगानं चालवून दाखवला. पण दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा पहिल्यापासून. मुंबईचं अलीकडचं सर्वांत मोठं नाव चिराग शेट्टी, तर तो दुहेरीत खेळतो. या शहरात अख्खं कोर्ट एकट्यानं वापरायचं म्हणजे शेजारी काय म्हणतील, हा विचार त्यामागे नसेलच असं नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो. बदलीवाल्याला युनियन होती. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कायम आणि बदली दोघांच्याही चुली विझल्या. एकेरीवाल्यांनी संप करायचा म्हटला तर? पहिल्यानं रॅकेट खाली ठेवली की राखीव यादीतल्या तेहतिसाव्याच्या घरी पेढे वाटले जातील. नेटपलीकडे उभा असलेला सहकारी हाच ज्याचा प्रतिस्पर्धी, त्यानं मोर्चा काढायचा कोणाबरोबर? कोचबरोबर काढला, तर त्याची फीही यालाच द्यायची आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल 2-3 च्या जागेवर पालिका वस्त्रसंग्रहालय उभारते आहे. तिथे काचेआड एखादा बदली पास ठेवला, तर शेजारी राखीव यादीचा एक कागदही टांगायला हरकत नाही.

आता एवढं सगळं असताना ही पोरं खेळतात कशासाठी? बदलीवाला खेटे घालायचा त्याचसाठी: कधीतरी कायम व्हायला. यांचं कायम होणं म्हणजे तेल कंपनीत किंवा रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. ती लागली की आई देवाला नारळ फोडते, चाळीत मुलगा 'सेटल' झाल्याची बातमी जाते. मग हा कायम झालेला कर्मचारी खास रजा घेऊन स्पर्धांना जातो, सरावाला जातो, शिबिराला जातो. आणि ऑफिसात त्याच्या टेबलावर येणाऱ्या फायली कोणीतरी दुसराच निकालात काढतो, बदलीवर.