दोन 'सायको' आणि एक मोरी

सिनेमातलं मला कळतं, असा आमच्या घरात समज आहे. तो मीच पसरवलाय. त्याच तोऱ्यात शनिवारी पुतण्याला म्हटलं, "हिचकॉकचा १९६० चा 'सायको' आणि गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये काढलेली त्याची जवळजवळ शॉटबरहुकूम नक्कल, दोन्ही एकदम लावतो. अस्सल बघून काटा येतो, नक्कल बघून जांभई. बघच!"

टीव्हीवर कृष्णधवल, लॅपटॉपवर रंगीत. एक-दोन-तीन म्हणत दोन्ही बटणं दाबली. टीव्हीवर जॅनेट ली ४० हजार डॉलर घेऊन पळाली, लॅपटॉपवर ॲन हेच ४ लाख. "महागाई," गवार मोडता मोडता बायको म्हणाली. त्या संध्याकाळचा तेवढाच अभ्यासपूर्ण शेरा.

माझं निरूपण चालूच होतं. टीव्हीवरचा मोटेलवाला पर्किन्स म्हणजे सँडविच-दूध आणून देणारा लाजरा मुलगा, संशय घ्यायचीच लाज वाटते. लॅपटॉपवरच्या व्हिन्स वॉनला बघून मात्र माणूस आल्या पावली गाडी वळवेल. तेवढ्यात लॅपटॉपवर चकती फिरू लागली आणि नक्कल मागे पडली. परिणामी, शॉवरच्या पडद्याआड एकाच बाईचे दोन खून. टीव्हीवर संगीतकार बर्नार्ड हरमनची व्हायोलिनं किंचाळून थांबली. पाऊण मिनिटाच्या या खुनाच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, असं मी सांगतोय, तोच पाठीमागे लॅपटॉप किंचाळला. मी उशी कवटाळली. नक्कल बघून! त्यातही व्हॅन सँटने सुऱ्याच्या घावांमध्ये काळे ढग घातलेत. मी वळून पाहिलं तेव्हा नेमके तेच चालू होते. म्हणजे मी घाबरलो ते हवामानाला.

रविवारी सकाळी आंघोळीला गेलो. वॉशिंग मशीनवर पाणी उडू नये म्हणून बायकोने मोरीत प्लॅस्टिकचा पडदा लावलाय. इतकी वर्षं त्याची माझी काही तक्रार नव्हती. डोळ्यांत साबण गेला, हात चाचपडत होते आणि पडदा हळूच येऊन ओल्या पाठीला चिकटला. मी बोंब ठोकली आणि मारेकऱ्याच्या दिशेने तांब्या भिरकावला. तो भिंतीवर आपटून परतला, तो थेट माझ्या अंगठ्यावर.

टॉवेल सावरत कडी काढली, तर दाराशी अख्खं घर. बायको हळद आणायला धावली. पुतण्याने वाकून अंगठा नीट निरखला.

"काका, हे चॉकलेट नाहीये."