ओपन रेट वाढवण्याची शास्त्रशुद्ध रीत

ईमेल मोहिमेची कामगिरी सुधारायची म्हणजे सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांपुढे ठेवायचा आकडा सुधारायचा, हे साधकाने आधी पक्कं ध्यानात घ्यावं. गिऱ्हाईक, माल, विक्री या गौण गोष्टी. मुख्य दैवत ओपन रेट, आणि हल्ली ते लवकर पावतं. मेल उघडला गेला हे कळतं त्यात दडवलेल्या ठिपक्याएवढ्या, न दिसणाऱ्या चित्रावरून. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की एक 'ओपन' जमा. २०२१च्या सप्टेंबरात ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची नवी सोय दिली. ती सुरू असेल तर मेलमधली चित्रं ॲपलचे सर्व्हरच परस्पर उतरवून घेतात, मालकाने मेल पाहिलेला असो वा नसो. तेव्हा यादीत आयफोनवाले भरावेत. ते घोरत असले तरी आकडा चढतो. क्लिकांचीही फार चिंता नको. अनेक कचेऱ्यांतली सुरक्षायंत्रणा मेलमधल्या लिंका तपासायला स्वतःच उघडून बघते.

विषयाच्या ओळीत घाई असावी. शुक्रवारी 'शेवटचे काही तास', शनिवारी 'लोकाग्रहास्तव मुदतवाढ'. आग्रह कुठल्या लोकांनी केला, हे विचारू नये. आपुलकीसाठी गिऱ्हाइकाचं नाव घालावं. यादीतला रकाना रिकामा असेल तर 'प्रिय', मग मोकळी जागा, मग स्वल्पविराम, एवढीच आपुलकी पोहोचते. पाठवणाऱ्याचं नाव 'नो-रिप्लाय' ठेवावं, म्हणजे उलट उत्तराचा त्रास नाही. अनसबस्क्राइबची लिंक अगदी तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत द्यावी आणि दाबणाऱ्याला आधी पासवर्ड, मग जाण्याचं कारण विचारावं. याहून सोपी युक्ती म्हणजे मेल चांगला जाडजूड करणे: साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा भाग जीमेल कापून टाकतं आणि त्या शेपटाबरोबर लिंकही नजरेआड होते.

गोची अशी, की अनसबस्क्राइब सापडलं नाही तरी स्पॅमचं बटण सगळ्यांना सापडतं. फेब्रुवारी २०२४पासून गूगलने जीमेलवर दिवसाला ५,०००च्या वर मेल धाडणाऱ्यांना नियम लावले: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कने ओळख पटवा, प्रचाराच्या मेलमधून एका क्लिकमध्ये सुटका द्या आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवा. म्हणजे हजारात तीन माणसं वैतागली की तुमची पत घसरायला लागते. पत डोमेनची असते, एकेका मेलची नव्हे. त्यामुळे ज्यांना तुमची पत्रं खरोखर हवी होती त्यांचीही स्पॅममध्ये जातात, आणि बिलं त्याच डोमेनवरून जात असतील तर तीही मागोमाग जाऊ शकतात. न वाचणाऱ्यांना धरून ठेवण्याची किंमत वाचणारे मोजतात, एवढंच या शास्त्राचं सार आहे.

साहेब म्हणतील, यादी छाटली की पोहोच घटणार, आणि घाऊक मेलने धंदा होतो याला इतिहास साक्षी आहे. आहेच. मे १९७८मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्कने इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना प्रात्यक्षिकांचं एकगठ्ठा निमंत्रण धाडलं. पुष्कळ जण चिडले, पण त्यातून लाखो डॉलरचा माल खपला, असं थर्क पुढे सांगत राहिला. मात्र तो काय विकत होता? संगणक. कुणाला? संगणकावर काम करणाऱ्यांना. आणि प्रात्यक्षिकं कॅलिफोर्नियात, म्हणून नावंही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. त्यात निवड होती. साहेबांच्या यादीत पाच वर्षांपूर्वी पंख्याची वॉरंटी नोंदवणारा माणूस आहे आणि त्याला दर आठवड्याला पंखा विकला जातोय.

म्हणून शेवटचा नियम विनोद बाजूला ठेवून. सहा महिन्यांत ज्याने क्लिक केलं नाही, काही घेतलं नाही, त्याला 'पत्रं चालू ठेवू का?' असं एकदाच विचारावं. उत्तर नाही आलं तर नाव काढावं. यादी निम्मी झाली म्हणून साहेब ओरडतील, तेव्हा त्यांच्यापुढे ओपन रेट नव्हे, विक्री ठेवावी. ती तरीही वाढली नाही तर दोष मालात किंवा भावात शोधावा. विषयाच्या ओळीत दिवे लावून तो दोष झाकला जात नाही.